संमतिपत्रापासून हरित प्रमाणपत्रापर्यंत: लघुउद्योग फाउंड्रीसाठी क्रमवार मार्गदर्शक

कोल्हापूर परिसरात शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतीत फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, चालवणाऱ्या उद्योजकाच्या टेबलावर हल्ली तीन प्रकारचे कागद एकाच वेळी येऊन पडतात. पहिला कागद महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा असतो. त्यात संमतिपत्राच्या नूतनीकरणाची किंवा एखाद्या अटीच्या पूर्ततेची विचारणा असते. दुसरा मोठ्या ग्राहकाचा असतो. एक टन कास्टिंगमागे (ओतीव मालामागे) किती कार्बन उत्सर्जन होते, हे त्याला हवे असते. तिसरा एखाद्या सल्लागाराचा असतो आणि त्यात पर्यावरणविषयक प्रमाणपत्र ठरावीक दिवसांत मिळवून देण्याचा प्रस्ताव असतो. बहुतेक ठिकाणी हे तीन कागद तीन वेगवेगळ्या माणसांकडे सोपवले जातात, तिघे तीन वेगवेगळ्या फाइली तयार करतात आणि त्या फाइलींतले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

या लेखात सुचवलेला क्रम या पद्धतीच्या उलट आहे. तिन्ही कागद एकाच भट्टीबद्दल, एकाच विजेच्या मीटरबद्दल आणि साच्यांसाठी लागणाऱ्या वाळूच्या एकाच ढिगाऱ्याबद्दल विचारत असतात, म्हणून आधी शॉपफ्लोअरवरचे मोजमाप नीट बसवावे, त्यातून कायद्याची पूर्तता करावी आणि ऐच्छिक कार्यक्रमात नाव त्यानंतर नोंदवावे. उदाहरणे इंडक्शन, म्हणजे विजेवर चालणारी, भट्टी असलेल्या छोट्या फाउंड्रीची घेतली आहेत. इतर उद्योगांत यंत्रे बदलतील, पण क्रम फारसा बदलणार नाही.

पहिली पायरी: संमतिपत्र हातात घेऊन कारखान्यात फिरा

संमतिपत्र, म्हणजे आपण ज्याला रोजच्या बोलण्यात कन्सेंट म्हणतो ते, 1974 चा जल कायदा, 1981 चा वायू कायदा आणि 2016 चे घातक कचरा नियम यांखाली एकत्रितपणे दिले जाते. ते फाइलमध्ये लावण्यासाठी नसून ओळीओळीने वाचण्यासाठी असते. त्याची एक छायाप्रत घ्यावी, हातात पेन घ्यावे आणि कच्च्या मालाच्या यार्डापासून डिस्पॅचपर्यंत चालत जाऊन प्रत्येक अट प्रत्यक्षाशी ताडून पाहावी.

पहिली तफावत बहुधा उत्पादनक्षमतेत सापडते. संमतिपत्रात महिन्याला 200 टनांची नोंद असते आणि प्रत्यक्षात दोन वर्षांपूर्वी बसवलेल्या दुसऱ्या भट्टीमुळे उत्पादन 300 टनांवर गेलेले असते. शॉट ब्लास्टिंगचे नवे यंत्र, वाढीव जनरेटर किंवा फेटलिंग (ओतीव मालाची साफसफाई) विभागाचे वेगळे धुराडे यांचीही नोंद राहून गेलेली असते. अशी तफावत तपासणीत उघड होण्याआधी स्वतःहून सुधारित संमतीसाठी अर्ज करणे सर्वांत स्वस्त पडते, कारण तो अर्ज केवळ शुल्क आणि कागदपत्रे मागतो, तर तपासणीत सापडलेली तफावत नोटीस घेऊन येते.

त्यानंतर धुराड्यांकडे वळावे. केंद्रीय मानकांनुसार इंडक्शन आणि आर्क भट्टीसाठी धूलिकणांची मर्यादा प्रति सामान्य घनमीटर 150 मिलिग्रॅम आहे. तासाला 3 टनांपेक्षा कमी क्षमतेच्या क्युपोलासाठी, म्हणजे कोकवर चालणाऱ्या उभ्या भट्टीसाठी, ती 450 आणि त्याहून मोठ्या क्युपोलासाठी 150 आहे. आपल्या संमतिपत्रात याहून कडक आकडा लिहिला असेल तर तोच पाळावा लागतो. जनरेटरच्या धुराड्याची उंची अनेक ठिकाणी अंदाजाने ठेवलेली असते. प्रचलित सूत्रानुसार इमारतीच्या उंचीत क्षमतेच्या केव्हीए आकड्याचे वर्गमूळ घेऊन त्याची 0.2 पट मिळवावी लागते. म्हणजे 250 केव्हीएच्या जनरेटरचे धुराडे छपराच्या वर साधारण 3.2 मीटर हवे.

दोन तारखा भिंतीवर लिहून ठेवाव्यात. घातक कचऱ्याचे वार्षिक विवरण 30 जूनपर्यंत आणि मागील आर्थिक वर्षाचे पर्यावरण विवरणपत्र 30 सप्टेंबरपर्यंत मंडळाकडे जावे लागते. वापरलेले तेल, तेलकट चिंध्या, रंगाचे रिकामे डबे असा घातक कचरा सर्वसाधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, आणि तो उचलून नेणाऱ्याकडून मॅनिफेस्टची, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदपत्राची, प्रत घेतल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर सोडू नये. 2023 च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातील तुरुंगवासाच्या तरतुदींच्या जागी आर्थिक दंड आणला आणि तो 10 हजारांपासून 15 लाख रुपयांपर्यंत आहे. त्यामुळे कायदा सौम्य झाला, असा समज काही उद्योजकांनी करून घेतलेला दिसतो. मला तो धोकादायक वाटतो, कारण दंड आकारण्याची वाट खटल्याच्या वाटेपेक्षा कितीतरी जवळची आहे.

सांडपाण्याबाबत फाउंड्रीला फार काही करावे लागत नाही. शीतकरणाचे पाणी बंद चक्रात फिरते आणि स्वच्छतागृहाच्या पाण्याची अट साधी असते. तेवढी पूर्ण आहे याची खात्री करून पुढे जावे.

दुसरी पायरी: मोजमाप, आणि खरे मोजमाप

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण पुढची प्रत्येक गोष्ट इथल्या आकड्यांवर उभी राहते.

सुरुवात विजेपासून करावी. महावितरणचे महिन्याचे बिल संपूर्ण कारखान्याचे असते, त्यातून भट्टीचे काहीच कळत नाही. प्रत्येक भट्टीला स्वतंत्र ऊर्जामापक बसवावा आणि प्रत्येक हीटला, म्हणजे वितळवण्याच्या प्रत्येक खेपेला, चार नोंदी कराव्यात: चार्जचे, म्हणजे भट्टीत टाकलेल्या मालाचे, वजन, वितळवण्यास सुरुवात केल्याची वेळ, रस ओतल्याची वेळ आणि वापरलेले युनिट. इंडक्शन भट्टीत एक टन बीड (ओतीव लोखंड) वितळवण्यासाठी सर्वसाधारणपणे 550 ते 650 युनिट लागतात. एकाच भट्टीवर सकाळच्या पाळीत 580 आणि रात्रपाळीत 660 असा फरक दिसला, तर दोष भट्टीत नसून कामाच्या पद्धतीत आहे, हे महिन्याभराच्या नोंदींतून आपोआप स्पष्ट होते.

दुसरे मोजमाप धुरातली धूळ कापडी पिशव्यांत अडवणाऱ्या बॅग फिल्टरचे. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या हवेच्या दाबातील फरक दाखवणारे छोटे मापक फार महाग नसते. तरीही बसवताना ते सोडून दिले जाते किंवा त्याची नळी तुटलेली असते. चांगल्या चालणाऱ्या फिल्टरमध्ये हा फरक साधारण 100 ते 150 मिलिमीटर जलस्तंभाच्या आसपास राहतो. तो वाढत गेला तर पिशव्या बुजत आहेत, आणि अचानक खाली आला तर एखादी पिशवी फाटली आहे, असे समजावे.

एका फाउंड्रीत मी या मापकासमोर उभा असताना काटा 240 वर होता. फिल्टर सुरू होता, पंख्याचा आवाजही व्यवस्थित येत होता, परंतु भट्टीवरच्या हूडखालून धूर वर न जाता छपराखाली पसरत होता. देखभाल करणाऱ्या कामगाराने हातोड्याने हॉपरवर, म्हणजे फिल्टरखाली धूळ जमा होणाऱ्या पेटीवर, ठोकले तेव्हा पोकळ आवाज न येता भरीव आवाज आला. हॉपरच्या तळाचा झडपयंत्राचा दात महिन्यापूर्वी मोडला होता, धूळ खाली पडत नव्हती आणि ती साचत साचत पिशव्यांच्या तळापर्यंत पोहोचली होती. दुरुस्तीला अर्धा दिवस लागला. दुसऱ्या दिवशी काटा 120 वर आला. याच फाउंड्रीकडे मागच्याच महिन्याचा खासगी प्रयोगशाळेचा अहवाल होता आणि त्यात धूलिकणांचा आकडा 146 असा, मर्यादेच्या किंचित खाली, छापलेला होता.

हा प्रकार एकट्यादुकट्या कारखान्याचा नाही. गुजरातमध्ये अहमदाबाद आणि सुरत परिसरातील कारखान्यांवर झालेला आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात फार मोलाचा आहे. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी दाखवून दिले की प्रदूषण मोजून अहवाल देणाऱ्या लेखापरीक्षकाची निवड आणि त्याचे पैसे कारखान्याकडून होत होते, तेव्हा धूलिकणांचे बरेचसे आकडे 150 च्या मर्यादेच्या जेमतेम खाली दाटलेले आढळत. प्रत्यक्ष मोजणीत मात्र अनेक कारखाने मर्यादेच्या वर होते. काही कारखान्यांसाठी लेखापरीक्षक यादृच्छिक पद्धतीने नेमले गेले, त्यांचे मानधन मध्यवर्ती निधीतून दिले गेले आणि त्यांच्या मोजणीची फेरतपासणी होऊ लागली, तेव्हा अहवाल खरे येऊ लागले आणि त्या कारखान्यांचे प्रदूषणही कमी झाले. उद्योजकाने यातून घ्यायचा अर्थ असा की सोयीचा अहवाल प्रथम त्यालाच अंधारात ठेवतो. 146 हा आकडा नसता, तर हॉपर महिनाभर भरलेला राहिला नसता.

म्हणून धुराड्याची तपासणी करून घेताना काही गोष्टींचा आग्रह धरावा. नमुना घेण्याचे छिद्र धुराड्याच्या शेवटच्या वळणापासून व्यासाच्या आठपट अंतरावर आणि वरच्या तोंडापासून किमान दुप्पट अंतरावर असावे. नमुना घेताना भट्टीत चार्ज टाकण्याची वेळ समाविष्ट असावी, कारण सर्वाधिक धूर तेव्हाच निघतो. नुसता तयार रस धरून ठेवलेला असताना घेतलेला नमुना काहीच सांगत नाही. प्रयोगशाळेकडून केवळ अंतिम अहवाल न घेता गाळणकागदाचे आधीचे व नंतरचे वजन, हवेचा वेग आणि सुरू-बंद झाल्याच्या वेळा असलेले मूळ नोंदपत्रकही मागावे. ते द्यायला जी प्रयोगशाळा तयार नसेल, ती बदलावी.

वाळूची नोंद सर्वांत दुर्लक्षित असते. किती नवी वाळू आली, किती परत वापरात गेली आणि किती ट्रॉल्या बाहेर गेल्या, हे तीन आकडे पुरेसे आहेत. बेंटोनाइटची (चिकणमातीने बांधलेली) वाळू आणि रेझिनची (रसायनाने बांधलेली) वाळू यांचे ढीग मात्र पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत, कारण एकदा मिसळलेली वाळू पुन्हा वापरणे अवघड होते आणि तिच्या विल्हेवाटीचे पर्यायही कमी होतात.

तिसरी पायरी: आधी सवयी, नंतर यंत्रे

नोंदी तीन महिने झाल्या की सुधारणेची जागा दिसू लागते. भट्टीचे झाकण भिंतीला टेकवून ठेवलेले असणे, रस तयार असताना साचा तयार नसल्यामुळे अर्धा तास भट्टी धरून ठेवणे आणि गंजलेले, तेलकट किंवा वाळू चिकटलेले भंगार तसेच भट्टीत टाकणे, ही तीन कारणे मला बहुतेक ठिकाणी आढळली आहेत. तिसऱ्या कारणाचा परिणाम दुहेरी असतो: तेलाचा धूर होतो आणि वाळूचा स्लॅग (मळी) होऊन तो वितळवण्यातही वीज जाते.

या सवयी सुधारून टनामागे 40 युनिट वाचली असे धरू. महिन्याला 300 टन वितळवणाऱ्या फाउंड्रीत ही बचत 12,000 युनिटांची होते. युनिटचा दर साडेआठ रुपये धरला तर महिन्याला 1 लाख 2 हजार रुपये वाचतात. आपल्या देशातील ग्रिडच्या विजेमागे युनिटला सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला जातो, त्या हिशोबाने उत्सर्जन सुमारे 8.4 टनांनी घटते. हा एकच हिशोब मंडळाच्या विवरणपत्रात, ग्राहकाच्या प्रश्नावलीत आणि प्रमाणपत्राच्या अर्जात वापरता येतो.

यंत्रांवरचा खर्च यानंतर करावा. नवी भट्टी, वाळू पुनर्प्रक्रिया संयंत्र किंवा कार्यक्षम कॉम्प्रेसर यांसाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची 2025 मध्ये सुरू झालेली अदिती योजना पाहावी. तिच्यात फाउंड्री क्षेत्राचा समावेश असून सूक्ष्म व लघु उद्योगांना कर्जाच्या व्याजात 5 टक्के आणि मध्यम उद्योगांना 3 टक्के सवलत आहे. वाळू पुनर्प्रक्रिया एकट्याला परवडत नसेल तर शेजारच्या पाच-दहा फाउंड्रींनी मिळून सामाईक सुविधा उभी करावी. केंद्रीय सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची समूहविकास योजना अशाच कामांसाठी आहे.

चौथी पायरी: ऐच्छिक कार्यक्रमांतून निवड

ऐच्छिक कार्यक्रमांचा इतिहास उद्योजकाला माहीत असणे आवश्यक आहे, कारण त्यावरून कोणत्या प्रमाणपत्राला वजन आहे हे कळते. भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर रसायन उद्योगावरचा विश्वास उडाला. 1985 मध्ये कॅनडात सुरू झालेला रिस्पॉन्सिबल केअर हा स्वयंनियमनाचा उपक्रम पुढे अमेरिकेसह जगभर गेला. अँड्र्यू किंग आणि मायकेल लेनॉक्स यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील सदस्य कंपन्यांची सुधारणा बिगरसदस्यांपेक्षा संथ असल्याचे आढळले. त्या काळात सदस्यांच्या दाव्यांची बाहेरून तपासणी होत नव्हती आणि अटी मोडल्यास कारवाईही होत नव्हती. नुसत्या सभासदत्वाची पाटी लावणाऱ्यांना तिच्याआड आसरा मिळाला.

सुरतमधला अनुभव याच्या शेजारी ठेवून पाहावा. तिथे 2019 मध्ये धूलिकणांच्या उत्सर्जनाचा परवाना-बाजार सुरू झाला. धुराड्यांवर सतत मोजणारी उपकरणे बसली, एकूण उत्सर्जनाला मर्यादा घातली गेली आणि मर्यादेपेक्षा कमी सोडणाऱ्याला उरलेले परवाने विकता येऊ लागले. सहभागी कारखान्यांचे उत्सर्जन 20 ते 30 टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासकांना आढळले. ही योजना ऐच्छिक नव्हती, परंतु आकडा खरा असेल तर उद्योजक स्वतःहून स्वस्त मार्ग शोधतो, हे तिने दाखवले.

महाराष्ट्रात मंडळाने 5 जून 2017 रोजी स्टार रेटिंग कार्यक्रम सुरू केला. धुराड्यांतील धूलिकणांच्या मोजणीवरून कारखान्याला एक ते पाच तारे दिले जातात आणि ते जाहीर होतात. यासाठी वेगळा सल्लागार नेमण्याची गरज नसते, कारण आधार मंडळाच्या मोजणीचाच असतो. इथे तारा वाढवण्याचा मार्ग थेट बॅग फिल्टरमधून जातो.

स्वतः अर्ज करून घेण्याच्या प्रमाणपत्रांत लहान फाउंड्रीने झेड, म्हणजे ‘झीरो डिफेक्ट झीरो इफेक्ट’, या प्रमाणपत्रापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. केंद्र सरकारच्या या योजनेत ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड असे तीन स्तर आहेत. प्रमाणन खर्च अनुक्रमे 10 हजार, 40 हजार आणि 90 हजार रुपये असून सूक्ष्म उद्योगाला 80, लघुउद्योगाला 60 आणि मध्यम उद्योगाला 50 टक्के अनुदान मिळते. ब्राँझचा विस्तार मर्यादित असल्याने आधीच्या दोन पायऱ्या पूर्ण केलेल्या कारखान्याला तो जड जात नाही.

आयएसओ 14001 ग्राहक मागत असेल तरच घ्यावे. हे मानक व्यवस्थापनाची पद्धत तपासते, उत्सर्जनाचा विशिष्ट आकडा ठरवून देत नाही. त्यामुळे प्रमाणपत्र भिंतीवर असूनही धुराड्याची मर्यादा ओलांडलेली असू शकते. प्रमाणपत्र देणारी संस्था मान्यताप्राप्त आहे की नाही, हे राष्ट्रीय मान्यता मंडळाच्या यादीत पाहून घ्यावे. लेखापरीक्षक कारखान्यात पाऊल न ठेवता प्रमाणपत्र देतो, असे कोणी सांगितले तर तो प्रस्ताव तिथेच नाकारावा. भारतीय उद्योग महासंघाचे ग्रीनको मानांकन मोठ्या कंपन्यांना आणि त्यांच्या जवळच्या पुरवठादारांना अधिक सोयीचे आहे.

पाचवी पायरी: ग्राहकाच्या कार्बनविषयक प्रश्नाला उत्तर

सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केला. मोठ्या कंपन्या आता पुरवठादारांकडेही आकडे मागू लागल्या आहेत. इथे भट्टीची नोंद सरळ उपयोगी पडते: टनाला 600 युनिट असतील तर वितळवण्याच्या विजेमागे 420 किलो. मोल्डिंग, वाळू, कॉम्प्रेसर यांचा वाटा वेगळा मिळवावा आणि काय धरले, काय धरले नाही, हे उत्तरातच लिहावे.

युरोपला निर्यात असेल तर सीमा-कार्बन कराचा, म्हणजे माल बनवताना झालेल्या उत्सर्जनावर युरोपीय संघाने लावलेल्या आकाराचा, प्रश्न येतो. त्याचा अहवाल देण्याचा टप्पा 1 ऑक्टोबर 2023 पासून चालू झाला आणि आर्थिक बोजाचा टप्पा 1 जानेवारी 2026 पासून लागू आहे. घाबरून जाण्याआधी आपल्या मालाचा सीमाशुल्क क्रमांक तपासावा. पाइप फिटिंगचा 7307, बोल्ट-स्क्रूचा 7318 आणि लोखंडाच्या इतर वस्तूंचा 7326 हे क्रमांक मूळ यादीत आहेत. मशीनिंग करून वाहनाचा भाग म्हणून 8708 खाली जाणारे कास्टिंग त्या यादीत नव्हते. यादी वाढू शकते, म्हणून दर वर्षी पाहावी.

लोखंड-पोलादासाठी या करात केवळ थेट उत्सर्जन धरले जाते, विजेचे नाही. म्हणजे इंडक्शन भट्टीवाल्याचा खरा भार त्याने विकत घेतलेल्या पिग आयर्नमधून (खनिजापासून बनवलेल्या कच्च्या लोखंडातून) येतो. भंगाराचे अंतर्भूत उत्सर्जन शून्य मानले जाते. त्यामुळे पिग आयर्नच्या पुरवठादाराकडून त्याचा आकडा लेखी घेणे आणि प्रत्येक चार्जमध्ये पिग आयर्न किती व भंगार किती, याची नोंद ठेवणे, ही दोन कामे इतर सर्व सल्ल्यांपेक्षा महत्त्वाची आहेत.

सहावी पायरी: नोटीस आली तर

नोटिशीला दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावे. त्रुटी असेल तर ती मान्य करावी, दुरुस्तीची कामे तारखांसह लिहावीत, बॅग फिल्टरच्या दाबाच्या नोंदी आणि दुरुस्तीची बिले जोडावीत आणि काम झाल्यावर नव्याने नमुना घेण्याची विनंती करावी. रोजच्या नोंदींची सलग वही पाहिल्यावर अधिकाऱ्याशी होणारे बोलणे बदलते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

मंडळ पूर्ततेसाठी बँक हमी घेते. अट पूर्ण झाल्यावर ती सोडवून घेण्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि तो करायचे राहून गेल्यामुळे लाखो रुपये वर्षानुवर्षे अडकलेले उद्योजक आहेत. पूर्ततेचा पुरावा पाठवला त्याच आठवड्यात हा अर्जही द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

नोंदवही कार्यालयात न ठेवता भट्टीशेजारच्या पॅनलला टांगलेली असावी. पाळी संपताना पर्यवेक्षकाने त्यात सही करावी आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला मालकाने स्वतः तिथे उभे राहून मागच्या महिन्याचे युनिट, दाबाचा काटा आणि वाळूच्या ट्रॉल्या वाचाव्यात.